शिट्टी वाजण्याआधीचे शास्त्र

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. त्यांतले 20 गुण मुलांसाठी 1600 मीटर धावण्याचे, 15 गुण 100 मीटरचे आणि 15 गुण गोळाफेकीचे. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर धावायचे असते. मुलाने 1600 मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत किंवा त्याआधी पूर्ण केले की वीसपैकी वीस. त्यापुढे सेकंद वाढतील तसे गुण उतरत जातात. 2024 मध्ये सुमारे 17 हजार जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर अर्ज. अशा चढाओढीत एका गुणाची किंमत काय असते, हे ज्यांच्या घरात भरतीची तयारी करणारे मूल आहे त्यांना सांगायला नको.

क्रीडाविज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऑलिम्पिक येते. मोठ्या खेळाडूबरोबर प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असा लवाजमा असतो आणि तो असायलाच हवा. पण महाराष्ट्रात पहाटे चार वाजता उठून डांबरी रस्त्यावर धावणारी जी हजारो मुले-मुली दिसतात, तीसुद्धा धावपटूच आहेत. ताशी साडेअठरा किलोमीटरच्या वेगाने सलग पाच मिनिटे धावणे ही कुठल्याही मोजपट्टीने गंभीर शर्यत आहे. या मुलांच्या वाट्याला मात्र विज्ञानाऐवजी ऐकीव सल्ले, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि कुणीतरी खिशात आणून दिलेली इंजेक्शने येतात.

मी सरकारी रुग्णालयात फिजिशियन आहे. भरतीचा हंगाम आला की आमच्याकडे ठरावीक प्रकारचे रुग्ण वाढतात. धावताना कोसळलेली मुले, कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी होते म्हणून घाबरून आलेली मुले, चक्कर येते म्हणून आलेल्या आणि तपासल्यावर हिमोग्लोबिन नऊ निघालेल्या मुली, नडगी धरून लंगडत येणारी मुले. यांतली बहुतेक बरी होऊन घरी जातात. काही डायलिसिसपर्यंत पोहोचतात. क्वचित एखादा येतो तेव्हा आमच्या हातात फार काही उरलेले नसते. या सगळ्यांत एक गोष्ट समान असते. शरीराचा घात धावण्याच्या पाच मिनिटांत दिसतो, पण त्याची तयारी शिट्टी वाजण्याआधी झालेली असते. म्हणूनच तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

उष्णतेचा हिशेब

आधी साधे गणित पाहू. धावताना माणूस दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. 60 किलोचा मुलगा 1600 मीटर धावला की जवळजवळ 100 किलोकॅलरी. आपले स्नायू यातली फार तर पाव ऊर्जा हालचालीसाठी वापरतात. उरलेल्या पाऊणशे किलोकॅलरींची उष्णता होते. 60 किलोच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढायला साधारण 50 किलोकॅलरी लागतात. म्हणजे घाम अजिबात आला नाही, वारा अजिबात लागला नाही, असे धरले तरी या शर्यतीत शरीराचे तापमान दीड अंशाने वाढेल. 37 वरून साडेअडतीस. निरोगी तरुण शरीराला हे सहज झेपते.

मग मुले उष्माघाताने कोसळतात कशी? उत्तर असे की तो मुलगा 37 वर सुरुवातच करत नाही. आदल्या रात्री तो एसटीने सहा-सात तास प्रवास करून आलेला असतो. बसस्थानकावर किंवा मैदानाबाहेरच्या फुटपाथवर डासांत पडून त्याने दोन तास डोळा लावलेला असतो. हलके वाटावे म्हणून सकाळपासून काही खाल्लेले नसते. रांग सोडून लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी प्यालेला नसतो. कागदपत्रांची तपासणी, उंची, छाती हे होईतो ऊन चढते. अंगात बारीक ताप असला तरी तो सांगत नाही, कारण सांगितले तर संधी जाईल ही भीती. असा मुलगा धावपट्टीवर उभा राहतो तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान आधीच चढलेले असते. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्के कमी झाले, म्हणजे 60 किलोच्या मुलाचे सव्वा लिटरभर, तर रक्ताचे आकारमान घटते आणि नाडी वाढते. स्नायूंना रक्त द्यायचे की कातडीला गार करायला द्यायचे, अशी ओढाताण हृदयापुढे उभी राहते. त्यावर जिवाच्या आकांताने धावणे. 40 अंशांच्या वर तापमान गेले आणि मुलगा असंबद्ध बोलू लागला, अंग टाकू लागला, की तो श्रमजन्य उष्माघात. त्यापुढचा प्रत्येक मिनिट मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांच्या विरोधात जातो.

इथे कोकण आणि मुंबईकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केवळ थर्मामीटरचा आकडा पुरेसा नसतो. घाम अंगावर येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर हवेत दमटपणा असताना 32 अंशांतही घाम नुसता निथळतो, गारवा देत नाही. म्हणून खेळाच्या मैदानावर 'वेट बल्ब ग्लोब' तापमान मोजतात. त्यात 70 टक्के वजन दमटपणा दाखवणाऱ्या ओल्या थर्मामीटरला, 20 टक्के उन्हाची धग दाखवणाऱ्या काळ्या गोलाला आणि फक्त 10 टक्के आपल्या नेहमीच्या तापमानाला असते. हे मोजणारे हातात मावणारे यंत्र मिळते. भरतीच्या प्रत्येक मैदानावर ते असायला हवे.

हा गुणांचाही प्रश्न आहे

यावर नेहमी एक आक्षेप येतो. पोलिसाला उन्हातान्हात बंदोबस्त करायचा आहे. जो उन्हात धावू शकत नाही तो पोलीस काय होणार? आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण उन्हाची सवय ही शरीर कमावते. रोज थोडा वेळ उन्हात व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर येऊ लागतो, घामातून मीठ कमी जाते, रक्ताचे आकारमान वाढते. हे काम निवड झाल्यानंतर प्रशिक्षण केंद्रात पद्धतशीर करून घेता येते. निवडीच्या दिवशी थकलेल्या, तहानलेल्या मुलाला दुपारी एक वाजता पळवून त्याची क्षमता कळत नाही, त्याची मजबुरी कळते.

शिवाय न्यायाचा मुद्दा आहे. सकाळी साडेसहाच्या तुकडीत धावलेला मुलगा आणि अकराच्या तुकडीत धावलेला मुलगा यांना एकाच कोष्टकाने गुण मिळतात. गरम हवेत वेळ मंदावतो हे शरीरशास्त्र आहे. जिथे काही सेकंदांनी गुण जातो आणि एका गुणाने यादीतून नाव जाते, तिथे तुकडीची वेळ ही नशिबाची बाब राहता कामा नये. धावण्याची चाचणी फक्त सकाळच्या वेळात घ्या, ही मागणी दयेची नाही. सर्वांची परीक्षा सारखी असावी, एवढेच ती म्हणते.

शेजारच्या अनुभवातून शिकण्याची सोय आपल्याला आहे. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत पुरुष उमेदवारांना एका तासात दहा किलोमीटर धावायचे होते. त्या काळात दहाहून अधिक उमेदवारांचे मृत्यू झाले. मग चाचणी काही दिवस थांबवली गेली आणि सकाळी नऊनंतर धावायला लावू नये असा निर्णय झाला. हा निर्णय आधीच घेता आला असता. आपण तो मृत्यूंची वाट न पाहता घ्यावा.

पहिला अर्धा तास

सगळी काळजी घेऊनही एखादा कोसळणारच. तेव्हा काय करायचे, याबाबत आपल्याकडची रीत चुकीची आहे. मैदानावर रुग्णवाहिका उभी असते, मुलाला उचलून आत घालतात, सायरन वाजवत रुग्णालय गाठतात. वाहतुकीतून येईतो अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ त्याचा मेंदू 41-42 अंशांवर शिजत राहतो. उष्माघाताचा नियम उलटा आहे : आधी गार करा, मग हलवा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फालमथ येथे दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथे धावणारे उष्माघाताने कोसळतात, पण त्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवले जाते. 18 वर्षांच्या नोंदींत उष्माघाताचे 274 रुग्ण आढळले आणि त्यांत एकही मृत्यू नव्हता. औषधाने हे साधलेले नाही. ते बर्फ आणि पाण्याने साधले आहे. थंड पाण्यात शरीराचे तापमान मिनिटाला साधारण दोन दशांश अंशाने उतरते. म्हणजे 42 वरून 39 वर यायला पंधरा मिनिटे पुरतात.

टब नसेल तर आपल्याकडे ताडपत्री आहे. चार-पाच जणांनी ताडपत्रीच्या कडा धरून झोळी करायची, मुलाला त्यात ठेवायचे, डोके वर आणि नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवून बर्फाचे पाणी ओतायचे आणि हलवत राहायचे. ही पद्धत अभ्यासांत तपासलेली आहे आणि काम देते. कपाळावर ओला रुमाल ठेवून भागत नाही. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूतली तापमानाची कळ वर सरकलेली असते, ती हे औषध खाली आणते. उष्माघातात कळ जागेवरच असते, शरीर मात्र तापलेले असते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

कोसळलेला मुलगा श्वासच घेत नसेल, हाक मारून हलत नसेल, तर प्रश्न हृदयाचा आहे. लगेच छातीवर दाब देणे सुरू करायचे आणि विजेचा झटका देणारे एईडी यंत्र लावायचे. जून 2021 मध्ये कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला, तो याच दोन गोष्टींमुळे वाचला आणि पुढे पुन्हा खेळला. यात दर मिनिटाच्या उशिराला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. मैदानावर बंदोबस्ताला असलेला प्रत्येक पोलीस छातीदाब शिकलेला असावा, ही अपेक्षा फार नाही.

विदर्भ आणि खानदेशासाठी वेगळे बोलायला हवे

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक म्हणजे एका पालकाकडून सिकलचे जनुक आलेला माणूस. त्याला आजार नसतो, तो शेतात राबतो, खेळतो, बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. पण अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवू शकतात. मग स्नायू मरू लागतात.

अमेरिकी सैन्याच्या 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षणार्थी कृष्णवर्णीय जवानांमध्ये वाहक असलेल्यांना अचानक मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे 30 पट दिसला. हे वाचून कुणी म्हणेल, मग वाहकांना भरतीतच घेऊ नका. थांबा. त्यानंतर सैन्याने सगळ्यांसाठीच उष्णतेचे नियम कडक केले : पाणी, विश्रांती, हळूहळू वाढवलेला व्यायाम. 2016 मध्ये सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय जवानांचा नवा अभ्यास आला, तेव्हा वाहकांमधला मृत्यूचा जादा धोका दिसला नाही. स्नायू विरघळण्याचा धोका काहीसा जास्त राहिला, पण जीव वाचले होते. मला या विषयातले सगळ्यांत मोलाचे संशोधन हेच वाटते. वाहकाला वगळण्याची गरज पडली नाही. नियम सर्वांसाठी सुधारला आणि वाहकही सुरक्षित झाला.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै 2023 पासून सुरू आहे आणि तपासणी मोफत होते. भरतीची तयारी करणाऱ्या या जिल्ह्यांतल्या प्रत्येकाने ती करून घ्यावी. अहवाल त्याच्या स्वतःच्या माहितीसाठी असावा. निवडीच्या टेबलावर त्याचा संबंध येता कामा नये.

रक्त, ताट आणि हाडे

मुलींच्या बाबतीत पहिली तपासणी हिमोग्लोबिनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिन 12 असेल तर 100 मिलिलिटर रक्तात 16 मिलिलिटर प्राणवायू मावतो, 9 असेल तर 12. म्हणजे ही मुलगी पाव इंजिन बंद ठेवून 800 मीटर धावते आहे. तिला 'स्टॅमिना कमी आहे' म्हणून आणखी दोन फेऱ्या मारायला लावणे हा उपाय नव्हे. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नियमित घेतल्या तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढते. गोळी आणि जेवण यांच्या लगोलग चहा नको, लिंबू चालेल. भरतीच्या तयारीतले सगळ्यांत स्वस्त औषध हेच आहे.

तयारीच्या काळात पाळी बंद झाली तर काही प्रशिक्षक ते उत्तम फिटनेसचे लक्षण मानतात. ते लक्षण उपासमारीचे असू शकते. खर्च जास्त आणि ताटात कमी, असे झाले की शरीर पाळी थांबवते आणि हाडेही ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला आहे. ती मुलांमध्येही होते, फक्त पाळीसारखी दिसणारी खूण त्यांच्यात नसते.

प्रथिनांच्या डब्याबद्दल पालक नेहमी विचारतात. 60 किलोच्या धावणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण 72 ते 96 ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंड्यांतून 12, अर्ध्या लिटर दुधातून 16, 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून 25, मूठभर शेंगदाण्यांतून सात, दोन वाट्या डाळ-उसळीतून 14 आणि चार भाकऱ्यांतून 20. झाले 94. अंडी न खाणाऱ्याने त्या जागी फुटाणे आणि ताक-दही वाढवावे. हजारो रुपयांचा डबा घेण्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. धावण्याच्या दिवशी मात्र उपाशी राहू नये. दोन-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा भाकरी आणि पाऊण तास आधी एखादे केळे. पाणी आदल्या दिवसापासून थोडे थोडे प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पुरेसे आहे असे समजावे. ऐन वेळी घटाघट दोन लिटर पिऊ नये. रक्तातले सोडियम अचानक उतरणेही धोक्याचे असते.

आता सरावाबद्दल. पाच मिनिटांच्या शर्यतीतली सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेतून येते. ही यंत्रणा रोज छाती फुटेस्तोवर धावून तयार होत नाही. आठवड्यातले बहुतेक धावणे शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्या वेगाने असावे, वेगाचा सराव दोन दिवस पुरे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, हाडाला महिने लागतात. जाहिरात निघाल्यावर एकदम रोजचे दहा किलोमीटर सुरू करणाऱ्याचा दम वाढतो आणि नडगी मोडते. नडगीवर सर्वत्र दुखत असेल तर विश्रांतीने बरे होते. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबून दुखत असेल तर हाडाला तडा असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत दिसतही नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे, धाव' हा सल्ला तेव्हा घातक ठरतो.

आणि बैठका. उशीर झाला म्हणून शिक्षा, दोनशे-तीनशे बैठका. सवय नसलेल्या मांड्यांचे स्नायू अक्षरशः विरघळतात, त्यांतले प्रथिन मूत्रपिंडांत अडकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळपट होते. असे झाले तर दुखणे थांबवणारी गोळी घेऊन घरी झोपू नये, त्याच दिवशी रुग्णालयात यावे. वेळेत सलाइन मिळाले तर बहुतेकांची मूत्रपिंडे वाचतात.

खिशातले इंजेक्शन

शेवटचा विषय सगळ्यांत कडू. मेफेन्टरमिन नावाचे इंजेक्शन आहे. मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर भूलतज्ज्ञ ते शस्त्रक्रियागृहात, मॉनिटरवर नजर ठेवून देतात. हेच इंजेक्शन व्यायामशाळांत आणि मैदानांबाहेर दम वाढवणारे म्हणून विकले जाते. राज्यात त्याचे बेकायदा साठे अनेकदा पकडले गेले आहेत. ते दम वाढवत नाही. थकव्याची घंटा बंद करते, नाडी आणि रक्तदाब चढवते. थांबण्याची सूचना देणारी यंत्रणा बंद करून उन्हात धावले की काय होते, हे जगाने 13 जुलै 1967 रोजी पाहिले. टूर द फ्रान्समध्ये मों व्हेंतूच्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळून मेला. शरीरात अ‍ॅम्फेटामिन होते, वर कडक ऊन होते. मेफेन्टरमिन त्याच घराण्यातले औषध आहे आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे.

धावण्याआधी डायक्लोफिनॅकची सुई किंवा गोळी घेणेही असेच अंगाशी येते. पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडे आपला रक्तपुरवठा टिकवायला धडपडत असतात. हे औषध नेमकी ती धडपड मोडते. इंजेक्शन घेतलेला मुलगा आमच्याकडे येतो तेव्हा काही सांगत नाही, कारण पोलीस केस होईल ही भीती. पालकांना आणि मित्रांना माझी विनंती आहे की अशा वेळी रिकामी बाटली डॉक्टरांच्या हातात द्या. आम्हाला ती उपचार ठरवण्यासाठी हवी असते.

आता करायचे काय

गृह विभागाने पुढच्या भरतीआधी लेखी नियम करावेत. धावण्याची चाचणी सकाळी नऊच्या आत संपवावी, नाही जमले तर दिवस वाढवावेत. वेट बल्ब ग्लोब तापमान मोजून ठरावीक मर्यादेपुढे चाचणी थांबवावी. लांबून येणाऱ्यांसाठी आदल्या रात्री पालिकेच्या शाळा किंवा सभागृहे उघडावीत. रांगेत सावली, जलसंजीवनी आणि स्वच्छतागृह असावे. मैदानावर बर्फ, पाणी, ताडपत्री, गुदाशयाचे तापमान मोजणारा थर्मामीटर आणि एईडी असावे. ताप असलेल्याला दुसरी तारीख मिळेल, हे प्रवेशपत्रावरच छापावे. तरच मुले खरे सांगतील.

आणि धावण्याआधी सहा प्रश्न विचारावेत. श्रम करताना कधी शुद्ध हरपली आहे का? छातीत दुखते का? घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेले आहे का? गेल्या आठवड्यात ताप होता का? सिकलसेलची तपासणी झाली आहे का? गेल्या चोवीस तासांत कोणते औषध किंवा इंजेक्शन घेतले आहे? एकाही प्रश्नाला होकार आला तर डॉक्टरने स्टेथोस्कोप लावावा, गरज वाटली तर ईसीजी काढावा. सिकलसेलचा वाहक असेल तर त्याला नेहमीसारखे धावू द्यावे, फक्त पाणी आणि सावलीकडे अधिक लक्ष ठेवावे.

भरतीची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका, असे मी मुलांना सांगतो. सीबीसी, लघवीची तपासणी, रक्तदाब आणि गरज असेल तिथे सिकलसेलची चाचणी, हे सगळे जवळच्या सरकारी रुग्णालयात तयारीच्या पहिल्याच आठवड्यात होऊ शकते. त्यासाठी शिफारस लागत नाही, केसपेपर काढला की पुरते.